टीव्हीवरचं थेट म्युझिकल: पैसे नेमके कशाचे?

एडिसन किंवा जर्सी सिटीतल्या मराठी घरात चौघांनी टीव्हीवर थेट म्युझिकल बघायचं ठरवलं, तर खर्च किती? कार्यक्रमाचा शून्य. एनबीसी, फॉक्स, एबीसी, सीबीएस या वाहिन्या अमेरिकेत हवेतून फुकट येतात, आणि गाजलेली थेट म्युझिकल त्यांच्यावरच झाली: 2013 चं ‘द साउंड ऑफ म्युझिक लाइव्ह!’, 2016 चं ‘ग्रीस: लाइव्ह’, 2018 चं ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’, 2021 चं ‘अ‍ॅनी लाइव्ह!’. खर्च होतो तो वाहिनी घरापर्यंत आणायचा, आणि तो बहुतेकांचा गरजेपेक्षा जास्त होतो.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे घरातला साधा अँटेना. 20 ते 40 डॉलर, तेही एकदाच. खोक्यावर छापलेल्या ‘इतक्या मैलांची रेंज’ या आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. अँटेना कुठे लावता याला जास्त महत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या वाहिन्या मॅनहॅटनच्या उंच इमारतींवरून प्रक्षेपित होतात, म्हणजे एडिसनच्या घराची ईशान्येकडची खिडकी धरा, जमल्यास वरच्या मजल्यावरची. एक खोच आहे. न्यूयॉर्कची एबीसी व्हीएचएफ पट्ट्यात येते आणि कागदासारखे पातळ अँटेना तिथे बरेचदा कच खातात. म्हणून खोक्यावर ‘व्हीएचएफ’ आणि ‘यूएचएफ’ दोन्ही लिहिलंय का ते पाहा आणि परत घेणाऱ्या दुकानातूनच खरेदी करा. तुमच्या पत्त्यावर कोणती वाहिनी किती जोरात येते, हे एफसीसी या सरकारी दूरसंचार नियामकाच्या संकेतस्थळावरच्या नकाशात फुकट कळतं. टीव्हीच्या मेन्यूतलं चॅनेल स्कॅन आदल्या दिवशीच उरकून घ्या. पडदा उघडल्यावर खिडकीशी झटापट नको.

केबल असेल तर वेगळं काही द्यायचं नाही. पण बिल एकदा नीट वाचा. ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’ अशी ओळ दिसली, तर ती याच फुकट मिळणाऱ्या वाहिन्यांची असते.

इंटरनेटवरून बघणाऱ्यांनी जास्त जपावं. यूट्यूब टीव्हीचा मूळ पॅक 2025 मध्ये महिना 82.99 डॉलर झाला. एका संध्याकाळसाठी हे परवडत नाही. फुकट चाचणीचे दिवस मिळत असतील तर घ्या, पण रद्द करायची तारीख त्याच क्षणी फोनमध्ये टाका. एनबीसीची स्ट्रीमिंग सेवा पीकॉक 2025 च्या दरवाढीनंतर महिना 10.99 डॉलरला झाली. मात्र तुमच्या गावची एनबीसी वाहिनी चोवीस तास थेट दाखवण्याची सोय महागड्या योजनेत आहे, ती तेव्हा 16.99 डॉलरला झाली. स्वस्त योजना घेतली तर तो विशिष्ट कार्यक्रम ‘थेट’ मिळणार की दुसऱ्या दिवशी, हे आधी वाचा.

आणि ‘थेट’ म्हणजे तरी काय? अशी प्रक्षेपणं साधारणपणे पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार होतात. कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांना तोच कार्यक्रम बहुधा तीन तास उशिरा दिसतो. 2019 च्या ‘रेंट: लाइव्ह’मध्ये तर रंगीत तालमीत एका प्रमुख नटाचा पाय मोडला, आणि प्रेक्षकांनी बराचसा भाग आदल्या रात्रीचं रेकॉर्डिंग म्हणून पाहिला. फुकट होतं, म्हणून तक्रारीला जागा नव्हती. जाहिरातींची तयारी मात्र ठेवा: ‘साउंड ऑफ म्युझिक’ने त्यांच्यासह रात्री आठ ते अकरा घेतले होते. शिवाय ते सिनेमावर नव्हे, मूळ नाटकावर बेतलेलं होतं. ओळखीची गाणी वेगळ्या जागी, वेगळ्या पात्रांच्या तोंडी आली की मुलं गोंधळतात.

हे सगळं कशाच्या बदल्यात? ब्रॉडवेचं तिकीट सरासरी सव्वाशे डॉलरच्या आसपास पडतं. चौघांचे पाचशे, वर रेल्वे आणि जेवण. टाइम्स स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर सवलत मिळते, ‘हॅमिल्टन’ची सोडत लागली तर सीट 10 डॉलरला. पण सोडत ती सोडतच.

लंडनच्या मराठी मंडळींचा हिशेब निराळा. तिथे कोणतीही वाहिनी थेट बघायला, ती आयटीव्हीसारखी खासगी असली तरी, टीव्ही लायसन्स लागतं. 2025-26 चा दर वर्षाला 174.50 पौंड होता.

पुण्या-मुंबईतून एनबीसी सरळ दिसत नाही आणि पीकॉकही भारतात नाही. त्यासाठी व्हीपीएनवर पैसे घालू नका. सेवेच्या अटींत ते बसत नाही आणि भारतातलं कार्ड अडतं ते वेगळंच. अधूनमधून दार उघडतं: 7 जून 2025 ला सीएनएनने ‘गुड नाइट, अँड गुड लक’ ब्रॉडवेवरून थेट दाखवलं, म्युझिकल नव्हे, गद्य नाटक, आणि ते सीएनएन इंटरनॅशनलवरही होतं. आपल्याकडे तेव्हा रविवारची पहाट होती, साडेचार. रेकॉर्ड करणारा सेट-टॉप बॉक्स असेल तर अशा वेळी तोच कामाला लावा. रेकॉर्डिंग चालणार असेल, तर मुंबईत एनसीपीएला होणाऱ्या ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’च्या खेळांवर लक्ष ठेवा. मोठा पडदा, मधे जाहिरात नाही, आणि पैसे फक्त त्या एका तिकिटाचे.