संगणक धडा : सभेत पडद्यावर हवे तेच दिसावे



सभेत प्रोजेक्टर सांभाळण्याचे काम बहुधा एखाद्या स्वयंसेवकाकडे असते. समजा, अहवालाच्या स्लाइड चालू आहेत आणि मध्येच वसतिगृहाची चित्रफीत दाखवायची आहे. तो ऑल्ट व टॅब ही बटणे दाबतो. संगणकाचा पडदा जसाच्या तसा प्रोजेक्टरवर दिसत असेल, तर त्याच क्षणी सर्व उघड्या विंडोंची लहान चित्रे सभेपुढे येतात. त्यांत दवाखान्यातील रुग्णांची यादी उघडी असली तर? ज्यांनी विश्वासाने आपली माहिती आपल्याकडे दिली, त्यांचा तो विश्वासघात होईल. पायथॉन भाषेतील एक छोटी स्क्रिप्ट येथे मदतीला येते. हा धडा विंडोज संगणकासाठी आहे.

१. प्रोसेस आणि विंडो यांतील फरक
चालू असलेल्या कार्यक्रमाला प्रोसेस म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असतो. पण कित्येक प्रोसेस पडद्यावर दिसतच नाहीत, आणि एकाच कार्यक्रमाच्या दोन विंडोही असू शकतात. पॉवरपॉइंटची संपादनाची विंडो वेगळी आणि स्लाइड दाखवण्याची वेगळी. म्हणून ‘कार्यक्रम चालू आहे का?’ आणि ‘त्याची कोणती विंडो पुढे आणायची?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

२. शोध
पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘पीएसयूटिल’ हे पायथॉनचे मोफत मॉड्यूल देते. चालू प्रोसेसची नावे ते एकेक करून सांगते. चित्रफीत दाखवणारा कार्यक्रम त्यांत नसेल, तरच स्क्रिप्टने तो सुरू करावा. नाहीतर एकाच चित्रफितीच्या दोन प्रती वाजू लागतील.

दुसऱ्या प्रश्नासाठी ‘पायविन३२’ वापरतात. त्यातील ‘एनमविंडोज’ सर्व विंडो एकेक करून समोर ठेवते, ‘इझविंडोव्हिजिबल’ लपलेल्या गाळते आणि ‘गेटविंडोटेक्स्ट’ शीर्षक वाचते. फाईल बदलली की शीर्षकही बदलते. म्हणून पूर्ण शीर्षक न जुळवता त्यातील एखादा खुणेचा शब्द जुळवावा.

३. पुढे आणणे
सापडलेली विंडो खाली मिटवलेली असेल, तर आधी ‘शोविंडो’ने ती उघडावी आणि मग ‘सेटफोरग्राउंडविंडो’ने पुढे आणावी. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक विंडोला एक ओळखक्रमांक असतो, पण विंडो बंद झाली की तो निरुपयोगी होतो. तो जपून ठेवू नये. दर वेळी नव्याने शोध घ्यावा.

४. एक अडचण
कोणत्याही कार्यक्रमाने मध्येच पुढे घुसावे, हे विंडोजला मान्य नाही. आपण एका विंडोत टाइप करत असताना दुसरीच समोर आली, तर पासवर्ड भलतीकडे जाऊ शकतो. म्हणून मागे चालत राहिलेली स्क्रिप्ट विंडो पुढे आणू पाहते, तेव्हा अनेकदा टास्कबारवरील बटण नुसते लुकलुकते. यावर सोपा मार्ग असा : डेस्कटॉपवर स्क्रिप्टचा शॉर्टकट करून त्याला बटणांची जोडी ठरवून द्यावी. आपण ती दाबली, की स्क्रिप्ट आपल्याच हाताने सुरू होते. सभेआधी त्याच संगणकावर एकदा करून पाहावे.

५. स्क्रिप्ट काय करत नाही
ती ठरवलेल्या दोनच विंडो पुढे आणते, पण बाकीच्या मागे उघड्याच राहतात. वर येणारे संदेशही ती थांबवत नाही. म्हणून खासगी फाईल आधी बंद कराव्यात आणि सूचना बंद ठेवाव्यात. स्क्रिप्ट ही दुसरी कडी आहे. पहिली कडी म्हणजे आपली दक्षता.

सराव
१. आपल्या संगणकावर आता किती विंडो उघड्या आहेत? त्यांतील कोणती सभेपुढे येऊ नये?
२. चालू असूनही पडद्यावर न दिसणारी एखादी प्रोसेस टास्क मॅनेजरमध्ये शोधा.
३. स्लाइडच्या विंडोचे शीर्षक वाचून त्यातील खुणेचा शब्द निवडा. तो दुसऱ्या कोणत्याही विंडोच्या शीर्षकात नाही ना, हे तपासा.