आजीला ठेवायचं कुठं? स्मृतिभ्रंश आणि काळजी केंद्र



मागच्या महिन्यात वस्तीतल्या एका घरी आम्ही रक्तदाब तपासायला गेलो. दाराला बाहेरून कडी होती. शेजारणीने ती काढून दिली. आत पंच्याहत्तरीच्या आजी खाटेवर बसल्या होत्या आणि त्यांचा एक पाय जुन्या साडीच्या पट्टीने खाटेला बांधलेला होता. तेवढ्यात सून धुणीभांड्याची कामे आटोपून आली. आम्हाला पाहून ती रडायलाच लागली. "ताई, मी वाईट नाही हो. दोनदा त्या रुळांपर्यंत गेल्या. मी कामाला गेले नाही तर खायचं काय?" थोडी शांत झाल्यावर तिने विचारले, "अशा माणसाला ठेवायला कुठं जागा असते का? आणि तिथं मारत तर नाहीत ना?"

या महिन्याचा पाठ तिच्या या दोन प्रश्नांवर आहे.

हा म्हातारचळ नाही, आजार आहे

'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणून जातो. कोणी म्हणते करणी केली, कोणी म्हणते बाहेरचे आहे. यातले काहीही खरे नाही. स्मृतिभ्रंशात, म्हणजे डिमेन्शियात, मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमर. दुसरा मोठा प्रकार मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडल्याने होतो. वर्षानुवर्षे ताब्यात नसलेला रक्तदाब आणि साखर त्याला आमंत्रण देतात. देशभरातल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा आजार आहे आणि देशात अशी माणसे 88 लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे आपल्या प्रत्येक वस्तीत ती आहेतच.

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे म्हणजे डिमेन्शिया नव्हे. चष्मा कशासाठी असतो हे कळेनासे होणे, रोजच्या वाटेवर चुकणे, जेवून पाच मिनिटांत "मला कोणी जेवायला दिलं नाही" म्हणणे, आयुष्यभर केलेली भाकरी कशी करायची हे न सुचणे, संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी जायचंय" असा घोर लावणे, ही त्याची लक्षणे आहेत.

पण प्रत्येक विसरणे या आजाराचे नसते. ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईड, मनाचा खोल उदासपणा, पडून डोक्याला मार लागल्यावर आत साचलेले रक्त, काही औषधे यांनीही माणूस विसरतो, आणि यातले बरेच बरे होऊ शकते. माणूस दोन-चार दिवसांत अचानक बरळू लागला तर लघवीतला जंतुसंसर्ग, ताप किंवा अंगातले पाणी कमी होणे असे कारण असू शकते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हणून कुठे ठेवायचे हा प्रश्न नंतरचा. आधी जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार किंवा मेंदूविकार विभागात तपासणी करून घ्या.

डिमेन्शिया पुसून टाकणारे औषध आजही नाही. काही गोळ्यांनी काही जणांना काही काळ आधार मिळतो. बाकी सगळा उपचार म्हणजे नीट काळजी.

काळजी केंद्र म्हणजे काय?

साधा वृद्धाश्रम वेगळा आणि डिमेन्शियाचे निवासी केंद्र वेगळे. बहुतेक वृद्धाश्रम आपले आपण उठणाऱ्या-बसणाऱ्या, जेवणाऱ्या माणसालाच घेतात. आजार लपवून माणसाला तिथे ठेवले तर महिन्याभरात "घेऊन जा" असा निरोप येतो आणि त्या म्हाताऱ्या जिवाची दोनदा फरफट होते. डिमेन्शियाच्या केंद्रात दिवसरात्र माणूस हजर असावा लागतो, फाटक सुरक्षित असावे लागते, फिरायला मोकळी जागा लागते आणि या आजाराचे शिक्षण घेतलेले कर्मचारी लागतात. काही ठिकाणी दिवसभरापुरते केंद्र असते. सकाळी सोडायचे, संध्याकाळी घरी आणायचे. कामावर जाणाऱ्या घराला हेच सर्वांत उपयोगी, पण अशी केंद्रे फार थोडी आणि तीही मोठ्या शहरांत.

पैशाचे स्पष्ट बोलू. खाजगी केंद्राचा महिन्याचा खर्च वस्तीतल्या घराच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त असतो. वर अनामत, औषधे, डायपर वेगळे. सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार 2024 पासून लागू झाले, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी. केंद्रात राहण्याचा खर्च त्यातून निघत नाही.

सरकारची जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 चा. राज्याने प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान एक, 150 जणांची सोय असलेला वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावा, असे त्याच्या कलम 19 मध्ये आहे. केंद्र सरकारच्या अटल वयो अभ्युदय योजनेत डिमेन्शिया झालेल्या किमान 20 वृद्धांचे निवासी केंद्र चालवायला संस्थांना अनुदान मिळते. आपल्या जिल्ह्यात असे केंद्र आहे का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा. तोंडी विचारले तर तोंडीच "नाही" मिळते. लेखी विचारले की उत्तर द्यावे लागते, आणि "नाही" असे लेखी आले तर मागणी करायला तोच कागद हाती येतो.

केंद्र पाहायला जाल तेव्हा

आम्ही नोकरीच्या काळात अशा ठिकाणी काम केले आहे, म्हणून काय पाहायचे ते सांगतो.

1. न सांगता जा, आणि जेवणाच्या वेळी जा. कोणाला बसवून, सावकाश, घास गिळल्याची खात्री करून भरवतात की आडवे ठेवूनच तोंडात कोंबतात ते पाहा. आडवे भरवलेले अन्न श्वासनलिकेत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

2. रात्री किती कर्मचारी असतात ते विचारा. दिवसाचा आकडा सगळेच सांगतात. पडणे, भटकणे, अंथरूण ओले होणे हे रात्रीच जास्त असते.

3. हात-पाय बांधलेले कोणी दिसते का? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारी माणसाला साखळदंड घालण्यास पूर्ण मनाई केली आहे. माणसे कमी आहेत म्हणून किंवा शिक्षा म्हणून कोणाला बांधून ठेवणे त्या कायद्यात बसत नाही.

4. भर दिवसा सगळेच गुंगीत आहेत का? गोळ्यांनीही माणूस बांधता येतो. भ्रम-चिडचिडीवरच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2005 मध्येच दिला. गोळी कोणती, कोणत्या डॉक्टरांनी दिली, कशासाठी आणि किती दिवस, हे विचारणे हा घरच्यांचा हक्क आहे.

5. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलतात का? त्याची नोंद दाखवा म्हणा. कंबर, टाचा, माकडहाड स्वतः पाहा.

6. तुमच्या माणसाशी मराठीत बोलणारे कोणी आहे का? नवे विसरते तेव्हाही लहानपणीची बोली बराच काळ टिकते.

7. ताट, पाण्याचा पेला, पंगत सर्वांना सारखी आहे का? आडनाव विचारून नजर बदलते का? जिथे ती बदलते तिथे आपले माणूस ठेवू नका.

8. तिथल्या मावशींशी बोला. कार्यालयातले गोड बोलतील, खरे मावशी सांगतील. त्यातल्या कितीतरी जणी आपल्यासारख्याच वस्त्यांतून येतात. बारा-बारा तास उभे राहून दुसऱ्यांच्या आईवडिलांचे करतात आणि त्यांची स्वतःची आई घरात कडीआड असते. त्यांचा पगार वेळेवर होतो का, सुट्टी मिळते का, हे विचारा. जिथे मावशीलाच माणूस समजत नाहीत तिथे आजीला कोण समजणार?

आमची एक चूक

एका केंद्रात एक आजोबा होते. रोज पहाटे पाचला उठायचे, सदरा चढवायचे आणि फाटक हलवायचे. आम्ही सगळे त्यांना "त्रास देणारे" म्हणायचो. डॉक्टरांना सांगून आम्हीच त्यांना रात्रीची गोळी सुरू करून घेतली. आजोबा गुंगीत राहू लागले, एकदा न्हाणीत पडले. पुढे त्यांचा मुलगा भेटायला आला. तो म्हणाला, "बाबा गिरणीत होते. पहिली पाळी. सातचा भोंगा व्हायच्या आत पोचायचे."

आजोबा पळून जात नव्हते, कामाला जात होते. आम्ही डॉक्टरांशी बोलून गोळी कमी करून घेतली. पहाटे त्यांना चहा द्यायचा, हातात रिकामा डबा द्यायचा आणि एका मावशीने त्यांच्याबरोबर व्हरांड्यात चार फेऱ्या मारायच्या, असे ठरले. बहुतेक दिवशी तेवढ्याने ते शांत बसायचे. दाखल करतानाच एक प्रश्न विचारला असता तर त्यांचे ते पडणे टळले असते.

म्हणून केंद्रात ठेवा वा घरी, एका कागदावर आपल्या माणसाची ओळख लिहून ठेवा. त्यांना कोणत्या नावाने हाक मारतात, काय काम केले, कोणाला भितात, आंघोळ कधी करतात, काय आवडीने खातात, कशाने निजतात. उशाशी रोजच्या सवयीची एखादी वस्तू असू द्या. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असेल तर तिथेही ती असू द्या. ओळखीचे काही दिसले की जीव थाऱ्यावर येतो.

ठेवले म्हणजे संपले नाही

केंद्रात ठेवणे हा अपराध नाही. करणारीच आजारी पडत असेल, माणूस सारखे पडत असेल, घर रात्ररात्र जागत असेल, तर तो शहाणपणाचा निर्णय आहे. पण ठेवून पाठ फिरवणे वेगळे. सांभाळण्याची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचे टाकून देणे हा 2007 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुले सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि त्यासाठी वकील लागत नाही.

आठवड्याला एकदा तरी कोणीतरी जावे. वजन, कातडी, नखे, जखमा पाहाव्यात. "ती ओळखतच नाही, जाऊन काय करू?" असे म्हणू नका. नाव विसरते, पण हात हातात घेतलेला कळतो. आणि भेटायला माणसे येतात हे केंद्रालाही कळलेले बरे असते.

कागदांचे सांभाळा. न वाचून दाखवता कोणत्याही कागदावर म्हाताऱ्या माणसाचा अंगठा घेऊ देऊ नका. घर मुलाच्या नावे करायचेच असेल तर सांभाळ करण्याची अट त्या कागदात लिहून घ्या. ती मोडली तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकते. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांपुढच्या गरजू वृद्धांना महिन्याला 1500 रुपये मिळतात. त्या खात्याचे पुस्तक विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

केंद्र परवडत नसेल तर

बहुतेक घरांची हीच गत आहे. तरीही बांधू नका, आणि एकटे असताना बाहेरून कडी घालू नका. आग लागली तर बाहेर पडायला वाट राहत नाही. दाराला घुंगरू किंवा घंटी लावा. माणूस घरात असताना आतली कडी नजरेच्या वर बसवा. परकराच्या, सदऱ्याच्या आत फोन नंबर शिवा. सकाळ-संध्याकाळ फिरवून आणा, म्हणजे भटकणे कमी होते. गॅसची टाकी खालून बंद ठेवा. रात्री संडासाच्या वाटेवर दिवा ठेवा. "तुझी आई मरून तीस वर्षं झाली" असे सांगून वाद घालू नका. दर वेळी तिला ते नव्याने ऐकल्यासारखे लागते. "आईची आठवण आली का? सांग बरं, कशी होती," असे म्हणा.

मदतीला दोन क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा: ज्येष्ठांसाठी 14567 आणि मनाच्या आजारांसाठी 14416. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

त्या आजींच्या पायाची पट्टी आम्ही त्याच दिवशी सोडली. पण नुसती पट्टी सोडून भागत नाही, सून कामावर गेली की तिथे बसायला माणूस हवा. गल्लीतल्या चार बायका विहारात बसल्या आणि एकेकीने दोन-दोन तास वाटून घेतले. दोन वार अजून रिकामे आहेत. त्या दिवशी सुनेचा खाडा होतो आणि पैसे कापले जातात. आजींचे विसरणेही थांबलेले नाही. पण त्या आता ओट्यावर बसून लसूण सोलतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलास का रे?" विचारतात.

येत्या रविवारी आपल्या गल्लीत अशी किती माणसे आहेत ती मोजा. कोणत्या घरी किती तास माणूस हवा, ते नावासमोर लिहा. मग त्याच यादीची प्रत समाजकल्याण कार्यालयाच्या अर्जाला जोडा. दिवसभराचे केंद्र आपल्या भागात हवे, ही मागणी एका घराची असली तर फाईलमध्ये पडून राहते. यादी वस्तीची असली की तिच्यावर उत्तर मागता येते.