वानगीची प्रणाली आणि थिजणारा संगणक

धान्याची वानगी पारखण्यासाठी असते. तिने कोणी कोठार भरीत नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचीही अशी वानगी निघते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१४ साली ‘विंडोज इनसायडर’ योजना काढून विंडोजच्या अपुऱ्या आवृत्त्या पारखण्यास खुल्या केल्या. त्या चालविताना यंत्र मध्येच थिजण्याचा संभव अधिक.

अशा वेळी घाईने वीज तोडू नये. दोन-तीन मिनिटे थांबून ‘कॅप्स लॉक’ कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर बहुधा एखादा प्रोग्रॅमच अडला आहे असे समजावे. ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘एस्केप’ एकत्र दाबून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा व तो बंद करावा. केवळ पडदा गोठला असल्यास ‘विंडोज’, ‘कंट्रोल’, ‘शिफ्ट’ व ‘बी’ ह्या कळांनी पडद्याचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. काहीच न हलल्यास शेवटी वीज-बटण सुमारे १० सेकंद दाबून धरावे. मात्र न साठविलेली नोंद गेली असे धरावे.

पुढे ‘रिलायबिलिटी मॉनिटर’मध्ये बिघाड तारीखवार पाहावेत. ज्या ड्रायव्हरपासून वा अपडेटपासून दोष सुरू झाला, ते काढावे आणि ‘फीडबॅक हब’द्वारे कंपनीस कळवावे.

वानगीवरून पक्क्या आवृत्तीवर परतताना बहुधा सारे पुसून नवी मांडणी करावी लागते. म्हणून अमरगोळच्या आवारातील सौद्यांची खतावणी व जीएसटीचे हिशेब ज्या यंत्रावर आहेत, तेथे पक्की आवृत्तीच ठेवावी आणि रोजची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी. पारख हौसेच्या यंत्रावर करावी, पेढीच्या नव्हे.