आयटीआय कशासाठी? मुलांच्या मनातली नोकरी



नवापूर, अक्कलकुवा, धडगाव भागातील आपली बरीच मुले दहावीनंतर आयटीआयकडे वळतात. त्यांना हातकामाची आवड असते म्हणून, असे पुष्कळांना वाटते. मुलांना विचारले तर आवडीचा उल्लेख क्वचितच येतो.

पहिले उत्तर असते, "लवकर सुटतो." वेल्डरचा म्हणजे संधात्याचा कोर्स 1 वर्षाचा, वीजतंत्री आणि जोडारी 2 वर्षांचे. पदवीला दहावीनंतर 5 वर्षे हवीत. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्या घरात 5 वर्षे फार लांब वाटतात. दुसरे उत्तर, "मावसभावाने केला." मुलींना तर बहुधा शिवणकामच सुचवले जाते. एक मुलगी मात्र हट्टाने वीजतंत्रीला गेली. तिच्या पाड्यावर पावसाळ्यात तार तुटली की लाईनमन आठ दिवस येत नाही, हे तिचे कारण. मला आजवर मिळालेले हे सर्वांत चांगले उत्तर!

आणि नोकरी कोणती हवी? बहुतेकांना सरकारी आणि कायमची. महावितरण, रेल्वे, एसटी. याला कोणी आळस म्हणते, ते मला पटत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात बापाचा हंगाम कसा जातो, हे ज्याने पाहिले, त्याला महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराची किंमत कळते.

प्रत्यक्षात बहुतेकांच्या वाट्याला सुरत, सिल्वासा किंवा चाकणमध्ये कंत्राटदाराकडचे काम येते. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात किंवा रेल्वेत जागा मिळते, विद्यावेतनही मिळते. पण उमेदवारी संपली की तिथेच नोकरी मिळेल अशी हमी नसते. हे मुलांना प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगायला हवे.

मग दोन-तीन महिन्यांत मुलगा परत येतो आणि लोक म्हणतात, "ही मुले टिकत नाहीत." हिशेब पाहा. पगार महिना भरल्यावर हातात येतो. खोलीचे डिपॉझिट, खानावळ, बसभाडे आणि सेफ्टी बूट यांचे पैसे आधी लागतात. ओळखीचे कोणी नसते, भाषा वेगळी. काम येत नाही म्हणून परतलेला मुलगा माझ्या पाहण्यात नाही, खोली परवडली नाही म्हणून परतलेले अनेक आहेत.

प्रेषितांची कृत्ये 18:1-3 वाचा. पौल करिंथात नवखा होता. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचा धंदा त्याच्यासारखाच, तंबू बनवण्याचा. तो त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. आपण या भागावर प्रवचने ऐकतो ती बहुधा पौलाच्या कष्टांवर. राहायला घर मिळाले, ही गोष्ट सहज निसटते.

फीसाठी देणग्या येतात, त्याबद्दल आभार. आता गरज आहे पहिल्या तीन महिन्यांच्या निवाऱ्याची. सुरत वा पुणे परिसरातील ज्या कुटुंबांकडे एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी आपल्या पाळकांना कळवावे. मुले भाडे देतील, फक्त पहिला पगार झाल्यावर.