मोती : शिंपल्यांतील आणि पेठेंतील

(धड्याचा भाग : मत्तय १३:४५-४६)

मोत्यांच्या व्यापाऱ्याचा दाखला आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत वारंवार वाचला जातो. परंतु नेकनूरसारख्या गांवीं, समुद्रापासून इतक्या दूर बालाघाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या आपणांपैकीं कितीकांनीं शिंपल्यांतून मोती निघतांना पाहिला असेल? आपणांस मोती ठाऊक तो नथीपुरता. म्हणून त्याची मूळ हकीकत ह्या वेळीं थोडी विस्तारानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब शिंपल्याच्या तोंडांत पडला म्हणजे त्याचा मोती होतो, असें आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलें आहे. कल्पना गोड आहे, पण खरी नाहीं. शिंपला राहतो पाण्याच्या तळाशीं. तेथवर पावसाचा थेंब थेंब म्हणून पोंहोंचतच नाहीं. दुसरी समजूत अशी कीं, वाळूचा कण आंत शिरतो व त्याभोंवतीं मोती बनतो. पुष्कळ शिकलेलीं माणसेंही असेंच सांगतात; परंतु शिंपला जन्मभर वाळूंत व चिखलांत राहतो, आणि वाळू बाहेर कशी टाकावी हें त्यास उत्तम कळतें.

खरा प्रकार असा आहे. शिंपल्याच्या दोन झांपांच्या आंतून त्या प्राण्याच्या अंगावर एक मऊ पापुद्रा असतो. पाण्यांतील चुना घेऊन शिंपला रचण्याचें काम ह्या पापुद्र्याचें. एखादा बारीक कृमि शिंपला पोंखरून आंत आला, किंवा एखाद्या माशानें कडेचा लचका तोडला, म्हणजे त्या पापुद्र्याचा कांहीं अंश कधीं कधीं आंतील मांसांत ढकलला जातो. तेथें तो मरत नाहीं. त्याची एक लहानशी पिशवी बनते, आणि ती पिशवी आपलें नेहमींचें काम, म्हणजे शिंपला रचण्याचें काम, तेथेंच चालू ठेविते. थरावर थर बसत जातात. सारांश, मोती म्हणजे भलत्या ठिकाणीं रचला गेलेला शिंपलाच होय. तो चहूंकडून सारखा वाढला तर वाटोळा होतो, नाहींतर वेडावांकडा. आणि बहुतेक वेडेवांकडेच असतात.

त्याच्या तेजाचें कारणही ह्या थरांतच आहे. एक मिलिमीटर जाडीच्या मोत्यांत असे सुमारें दोन हजार थर मावतात. त्यांवर पडलेला उजेड निरनिराळ्या थरांवरून परत फिरतो व एकमेकांत मिसळतो. म्हणून मोत्याचा रंग वरचेवर दिसत नाहीं, आंतून आल्यासारखा दिसतो. हिऱ्यास पैलू पाडावे लागतात, सोनें तापवावें लागतें. मोती मात्र जसा निघतो तसाच अंगावर घालतां येतो. प्राचीन रोमी लोकांत तो सर्व मौल्यवान वस्तूंत पहिला गणला जाई. ज्यांनीं तो दाखला प्रथम ऐकला, त्यांच्या कानांत 'मोती' ह्या शब्दाचें वजन आजच्यापेक्षां पुष्कळ अधिक होतें.

वजनावरून एक गोष्ट सांगतों. आपल्या जव्हेऱ्यांत मोत्याची किंमत 'चव' नांवाच्या मापानें ठरत असे, आणि ती वजनाच्या वर्गाप्रमाणें वाढे. म्हणजे दुप्पट वजनाच्या मोत्यास किंमत दुप्पट नव्हे, तर चौपट. तिप्पट वजनास नऊपट. इतर सर्व गुण समान असतील तर, हें अर्थातच. एका मोत्यासाठीं व्यापाऱ्यानें सर्वस्व कां विकावें, तें ह्या हिशेबावरून ध्यानीं येईल.

आपल्या नथींना, कुड्यांना व तन्मण्यांना पूर्वीं जे उत्तम मोती लागत, त्यांस 'बसरा मोती' म्हणत. ते बसऱ्याचे नव्हत. बाहरीन, कुवेत, कतार येथील समुद्रांतून ते काढीत, आणि पुष्कळसा माल मुंबईस येऊन तेथें निवडला, विंधला व ओंवला जाई. आपला मुलूख १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यांत होता, त्याच्या खजिन्यांत 'सातलडा' नांवाचा सात पदरी हार होता. त्यांत ४६५ मोती आहेत. १९९५ मध्यें भारत सरकारनें निजामाचे १७३ दागिने २१८ कोटी रुपयांस विकत घेतले, त्यांत तोही आला.

हे मोती कोण काढी? उन्हाळ्यांत चार महिने गलबतें समुद्रांत राहत. पाणबुडा नाकास चिमटा लावी, पायास दगड बांधी, आणि दोरीच्या आधारें तळाशीं जाई. श्वास टिके तोंवर, म्हणजे मिनिट-दीड मिनिट, शिंपले गोळा करी. मग दोरी हलवी कीं वरचा गडी त्यास ओढून घेई. असें दिवसांतून कित्येक वेळां. हंगामापूर्वीं गलबताचा नाखवा त्यास आगाऊ रक्कम देई. ती हंगामांत फिटली नाहीं तर पुढील हंगामावर चढे, आणि बाप मेला तर कर्ज मुलावर येई. १९२० नंतरच्या दशकांत बाहरीनमध्यें हा प्रकार मोडण्यासाठीं कायदे करावे लागले.

आमच्या बीड जिल्ह्यांतील वाचकांस ह्याचा अर्थ समजावून देण्याची गरज नाहीं. दसऱ्यानंतर उचल घेऊन कोयत्यावर जाणारीं कुटुंबें प्रत्येक मंडळींत आहेत. मुकादमाची वही कशी वाढते, हेंही सर्वांस ठाऊक आहे. आणि ती उचल पुष्कळदां कशासाठीं घेतली जाते? मुलीच्या लग्नासाठीं व अंगावरील दागिन्यांसाठीं. दाखल्यांतील व्यापाऱ्याकडे ह्या दृष्टीनेंही पाहावें असें आम्हांस वाटतें. त्यानें जें विकलें तें स्वतःचें होतें. त्यानें मोत्यासाठीं कोणाची उचल घेतली नाहीं. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत प्रेषितानें स्त्रियांच्या मोत्यांविषयीं जें लिहिलें आहे, त्याचा बोल नेहमीं स्त्रियांवरच ठेविला जातो. परंतु कर्ज काढून दागिना करणारा बहुधा पुरुषच असतो.

पुढें हा धंदा बुडाला. जपानांत मिकिमोतो ह्यानें १८९३ मध्यें शिंपल्याच्या अंगांत मुद्दाम गाभा घालून अर्धगोल मोती पिकविला. कांहीं वर्षांनीं पूर्ण वाटोळेही निघूं लागले. १९३० च्या सुमारास जगभर मंदी आली, आणि ह्या दोहोंमुळें बसरा मोत्याचा भाव कोसळला. आपल्या देशांत तूतिकोरीन येथें १९७३ मध्यें असे वाटोळे मोती तयार झाले. आज हैदराबादेस जे मोती मिळतात ते बहुतेक चीनच्या गोड्या पाण्यांतील. तेथें ते विंधून ओंवले जातात.

गोड्या पाण्याचे शिंपले आपल्या नद्यांत व तळ्यांतही असतात. त्यामुळें शेततळ्यांत मोती पिकविण्याची भाषा आतां खेड्यांतून ऐकूं येते. विद्या खरी आहे. भुवनेश्वरजवळील सरकारी संस्थेंत ती शिकवितात. परंतु ती शस्त्रक्रिया आहे, तींत कांहीं शिंपले मरतातच, आणि मोत्यास वर्ष-दीड वर्ष लागतें. ज्या शेततळ्याचा वैशाखांत तळ दिसतो, त्यांत हें कसें व्हावें? "शिंपले आमच्याकडून घ्या, मोती आम्हीच परत घेऊं," असें कोणी म्हणूं लागला, तर पैसे देण्यापूर्वीं ज्यांचे मोती त्यानें खरोखर परत घेतले अशा दोघां-चौघां शेतकऱ्यांस स्वतः जाऊन भेटावें.

आठवडी बाजारांतील माळा कांचेच्या किंवा प्लास्टिकच्या मण्यांच्या असतात. त्या हौसेनें घ्याव्या, पण त्यांस खरा मोती म्हणून किंमत देऊं नये. ओळख सोपी आहे : दांताच्या कडेवर हळूच घासल्यास खरा मोती किंचित् खरखरतो, खोटा गुळगुळीत लागतो. पिकविलेला व नैसर्गिक ह्यांतील भेद मात्र असा कळत नाहीं; त्यास क्ष-किरणच पाहिजेत.

घरांत आजीची जुनी नथ असेल तर तिला चिंच, लिंबू व घाम ह्यांपासून जपावें. मोती चुन्याचाच असल्यामुळें आंबटानें झिजतो. वापरून झाल्यावर मऊ ओल्या फडक्यानें पुसून सुती कापडांत ठेवावी.