दोन दिवसांत गुण देणारी पुडी

औषध लागू पडलं की त्यात काय आहे हे कोणी विचारत नाही. विचारायची वेळ खरं तर तीच असते.

आमच्या सासूबाईंना आमवात. सकाळी बोटं इतकी आखडलेली की गॅसचं बटण फिरवता येत नसे. वेणीही मीच घालून द्यायची. डॉक्टरांची ‘इंग्रजी’ औषधं गरम पडतात म्हणून त्यांनी सोडलेली. मग बाजारच्या दिवशी येणाऱ्या एका गृहस्थाकडून पुड्या सुरू झाल्या. वहीच्या कागदात बांधलेली करडी भुकटी, सकाळ-संध्याकाळ मधातून. “निव्वळ जडीबुटी आहे, साइड इफेक्ट शून्य!” दोन दिवस गेले आणि तिसऱ्या सकाळी आई स्वतः कणीक मळायला बसल्या. गल्लीतल्या निम्म्या गुडघ्यांनी त्या गृहस्थाचा पत्ता विचारून नेला.

आमवात इतक्या झटपट हटत नाही. हटलाच तर आनंदाच्या आधी शंका यावी. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका बाईंना कॉर्टिसोन टोचलं आणि थोड्याच दिवसांत त्या चालू लागल्या. १९५० मध्ये केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासह त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. हा चमत्कार फुकट नसतो, हेही वैद्यकाला लवकरच कळलं. आमच्या पुडीतली करामत याच कुळातली निघाली. ‘इंग्रजी नको’ म्हणणाऱ्या आई दिवसातून दोनदा स्टेरॉइड घेत होत्या, तेही किती मात्रेत याचा पत्ता नाही.

खुणा समोरच होत्या. चेहरा गोल गरगरीत झाला, तर सगळे म्हणाले, तब्येत सुधारली. भूक वाढली, तर आणखी बरं वाटलं. बांगड्या भरताना मनगटावर काळेनिळे डाग उठले तेव्हा कासारणीने मात्र हात थांबवला. “कातडी कागदासारखी झालीय हो,” ती म्हणाली. एवढ्या माणसांत नीट पाहिलं ते तिने.

दिवाळीत तो गृहस्थ फिरकला नाही. पुड्या संपल्या आणि आईंना उलट्या सुरू झाल्या, अंथरुणातून उठवेना, बीपी खाली गेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी चेहरा पाहिला, मनगटं पाहिली आणि पहिला प्रश्न केला, “पुड्या घेत होता का?” मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथी शरीराला लागणारं कॉर्टिसोल तयार करतात. बाहेरून ते रोज आयतं मिळू लागलं की त्या काम सोडतात आणि पुरवठा एकाएकी तुटला तर माणूस कोसळतो. सकाळच्या रक्तात आईंचं कॉर्टिसोल अगदी तळाला होतं.

म्हणून घरात कोणी अशा पुड्या घेत असेल तर रागाच्या भरात त्या मोरीत ओतू नका. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा हळूहळू उतरवतात ती त्यांच्याच देखरेखीखाली. साखर आणि हाडंही तपासून घ्या, स्टेरॉइड दोन्हींवर उठतं.

वैद्यांवर माझा राग नाही. शिकलेले वैद्य सुंठीच्या काढ्यातून एरंडेल देतील, पथ्य सांगतील आणि आठवड्यांची, महिन्यांची भाषा करतील. काय देताय, असं विचारलं तर नाव सांगतील. तयार आयुर्वेदिक औषधाच्या बाटलीवरही परवाना क्रमांक, बॅच आणि घटक छापलेले असतात. “गुप्त नुस्खा आहे” असं उत्तर आलं की पाकीट खिशात ठेवून उठावं आणि जमलं तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवावं.

आईंना आता मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर रविवारी मी खूण करते. सकाळचं तिळाचं तेल आणि कोमट पाण्यात हात बुडवून बसणं त्यांनी सोडलेलं नाही. डॉक्टरही हसून म्हणाले, चालू द्या.

आणखी एक, जे आम्हाला दाढ काढायच्या वेळी कळलं. पुड्या थांबून काही महिने लोटले तरी त्या ग्रंथी पुरत्या सावरलेल्या असतीलच असं नाही. ऑपरेशन, मोठा ताप, अपघात, काहीही असो. समोरच्या डॉक्टरांना पुड्यांचं आधी सांगा.