तज्ज्ञ मुंबईत, पेशंट खान्देशात: पुन्हा सगळं बंद पडलं तर काय लागेल, किती लागेल

घरात डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (डीएमडी), स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (एसएमए) किंवा मायस्थेनियाचा पेशंट असेल, तर २०२० तुम्हाला वेगळं सांगायला नको. मार्चअखेर पॅसेंजर गाड्या थांबल्या, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास, मोठ्या शहरांतल्या ओपीडी बंद. जळगावचं सिव्हिल कोविडसाठी राखलं गेलं. फिजिओथेरपी बंद, दिव्यांग बोर्ड बंद. पुढची साथ कधी येईल ते सोडा. तयारी आज करा. तिच्यातला बराच भाग फुकट आहे.

आधी एक कागद. आजाराचं नाव, रोजची औषधं, डोस, तज्ज्ञांचा फोन, आणि ‘हे देऊ नका’ची यादी. ती तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडून सहीशिक्क्यासह घ्या. कोविडच्या पहिल्या लाटेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन सर्रास दिलं गेलं. मायस्थेनियात ही दोन्ही औषधं अशक्तपणा वाढवू शकतात. डीएमडीच्या मुलाला ऑपरेशनसाठी नेलं, तर भूलतज्ज्ञांना आजार आधी सांगा, कारण सक्सिनिलकोलिन त्याला धोक्याचं. स्टेरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद होता कामा नये, हेही कागदावर हवं. आणखी एक: श्वासाचे स्नायू दमलेले असतील तर नुसत्या ऑक्सिजनवर बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९८ दिसतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो. ‘एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) करणार का, बायपॅप (मास्कमधून श्वासाला दाब देणारं मशीन) लागेल का?’ हे तिथल्या डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका. तालुक्याच्या डॉक्टरांनी असा पेशंट क्वचितच पाहिलेला असतो. खर्च: झेरॉक्स आणि लॅमिनेशन.

फोनवरचा सल्ला. मार्च २०२०च्या केंद्रीय टेलिमेडिसिन नियमांनुसार त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवून सहा महिने झाले नसतील, तर फोनवरची भेट ‘फॉलो-अप’ धरली जाते आणि जुनी औषधं पुढे लिहून मिळणं सोपं जातं. म्हणून सहा महिन्यांतून एकदा तरी समोर जाऊन या. सरकारची ई-संजीवनी टेलिमेडिसिन सेवा फुकट आहे, पण तिथे न्यूरोलॉजिस्ट मिळेलच असं धरून चालू नका. खासगी डॉक्टरांना ऑनलाइन फी आधी विचारा, आणि रिपोर्ट दाखवायला पुन्हा पैसे लागतात का, तेही.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, फी शून्य. आधार, फोटो, रहिवासी पुरावा, तपासण्यांचे रिपोर्ट जोडा. तपासणी जळगाव किंवा धुळ्याच्या सरकारी रुग्णालयातल्या बोर्डापुढे. वार आधी विचारून घ्या. २०१६च्या दिव्यांग कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे, तेव्हा ‘हा आजार यादीत नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. सायबर कॅफेवाला फॉर्म भरायचे पैसे घेईल, ते ठीक. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच वाटेला लावा. कार्डावर एसटीत ७५ टक्के सवलत. ६५ टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सोबत्यालाही ५० टक्के. रेल्वेचं सवलत-ओळखपत्र वेगळं काढावं लागतं, आपल्याकडे भुसावळ विभागाकडून. २०२०मध्ये ज्येष्ठांची रेल्वे सवलत गेली, दिव्यांगांची राहिली.

बायपॅप. खरा खड्डा इथे आहे. घरी वापरायचं मशीन साधारण ४० ते ९० हजार, मॉडेलप्रमाणे. भाड्याने घेत असाल तर मासिक दर सोडून पाच गोष्टी लिहून घ्या: डिपॉझिट किती, मास्क धरून की वेगळा, फिल्टर-ट्यूब कोणाचे, बिघडलं तर बदली मशीन किती तासांत, परत नेण्याचं भाडं कोणावर. स्नायूंच्या आजाराला बॅकअप रेट (पेशंटचा श्वास चुकला तर मशीन स्वतः देतं ती सोय) असलेलं मशीन लागू शकतं. दुकानदार ‘हेच घ्या, सगळे हेच नेतात’ म्हणाला तरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा मोड बघूनच घ्या. वीज जाते, मेमध्ये तर हमखास. इन्व्हर्टर धरूनच हिशेब करा.

अ‍ॅम्ब्युलन्स. १०८ फुकट, तातडीसाठी. डिस्चार्जनंतर घरी यायला ती धरू नका. खासगी ठरवताना परतीचे रिकामे किलोमीटर विचारा: जळगाव ते मुंबई चारशेच्या आसपास, म्हणजे बिल आठशेचं. ऑक्सिजन, सोबतचा ब्रदर, टोल, वेटिंग वेगळे. दर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, तोंडी नको.

जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) झाला तर आयव्हीआयजी (शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन) लागू शकतं: दर किलो वजनाला एकूण २ ग्रॅम, बहुधा पाच दिवसांत. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. एका बाटलीची किंमत विचारा आणि गुणाकार तिथेच करा. त्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. रेशनकार्ड आणि आधार सोबत हवं. हेल्पलाइन १५५३८८. मंजुरी येण्याआधी ‘तूर्त भरा, नंतर बघू’ म्हणून पैसे मागितले, तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका. मुंबई-पुण्याच्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत (वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत) आणि १० टक्के निम्म्या दरात (३ लाख ६० हजारांपर्यंत) असतात. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आत्ताच काढून ठेवा, बंदच्या काळात तो मिळता मिळत नाही.

एसएमए-डीएमडीच्या महागड्या औषधांसाठी केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणात (२०२१) ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे; मुंबईत परळचं केईएम हे त्याचं केंद्र. नोंदणी तिथे, जनुकीय तपासणीच्या रिपोर्टसह. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून नाव आधी नोंदवा. रोजच्या गोळ्यांचा महिन्याभराचा जादा साठाही घरात असू द्या, एक्सपायरी बघून.